तिथं कोण आहे तुमचं?

डोंबिवली सोडून आई आणि मी साताऱ्याला राहायला आलो हे ज्यांना कळलं, त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाने हा प्रश्न विचारला. प्रश्न रास्त आहे. सातारा आमचं गाव नाही. इथं माहेर नाही, सासर नाही, आजोळ नाही, जमिनीचा तुकडा नाही. आई कुडाळजवळच्या एका वाडीतली. बाबांची नोकरी परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये, संसार डोंबिवलीत. माझी लग्नानंतरची वर्षं ठाण्यात, घोडबंदर रोडला गेली. साताऱ्यात आमच्या ओळखीचं एकही माणूस नव्हतं, आणि गाव निवडताना ही गोष्ट मी जमेच्या बाजूला मांडली होती.

ती जमेची का, आणि बाकीची गावं एकेक करून कशी मागे पडली, हे लिहायचं राहून गेलं होतं. अलीकडे दोघीजणींनी मला याबद्दल विचारलं. एकीचं लग्न मोडलंय, दुसरीची नोकरी गेली आहे. दोघींनाही नव्याने सुरुवात करायची आहे आणि कुठं जाऊन करावी ते कळत नाहीये. त्यांना फोनवर तुकड्या-तुकड्यांत सांगितलं ते सगळं एकदा नीट लिहिते.

माझा घटस्फोट परस्परसंमतीने झाला. त्याबद्दल इथं लिहिणार नाही, कारण त्या गोष्टीत दुसरं माणूस आहे आणि त्याची बाजू मी मांडू शकत नाही. ठाण्याचं घर त्याच्याकडे राहिलं, मी आईकडे डोंबिवलीला आले. मुलगी तेव्हा नुकतीच पुण्यात इंजिनीअरिंगला गेली होती. डोंबिवलीवर माझा मुळीच राग नाही. मी तिथंच वाढले. गुढीपाडव्याची शोभायात्रा १९९९ मध्ये पहिल्यांदा निघाली तेव्हा नऊवारी नेसून लेझीम खेळणाऱ्या मुलींमध्ये मी होते. दिवाळीच्या पहाटेचा फडके रोड अजून डोळ्यांपुढे येतो. पण परत आल्यावर फडके रोडवर भेटणारी प्रत्येक दुसरी बाई माझ्या लग्नात जेवून गेलेली होती. त्या मायेनेच विचारायच्या. हात हातात घ्यायच्या, ‘कशी आहेस गं?’ म्हणताना आवाज खाली आणायच्या. मी भाजी घ्यायला बाहेर पडलेली असायचे, मला बरं वाटत असायचं, आणि तो खाली आणलेला आवाज ऐकला की घरी येईपर्यंत मी पुन्हा ‘बिचारी’ झालेली असायचे. कुणाचं काही चुकत नव्हतं. मला मात्र तिथं राहून त्या दिवसांच्या पुढे जाता येणार नव्हतं, हे मला आतून कळत होतं.

त्यात आमची इमारत पुनर्विकासाला गेली. चाळीस वर्षांची जुनी इमारत, लिफ्ट नाही, पावसाळ्यात जिन्यात ओल. सोसायटीचा ठराव झाला, बिल्डरशी करार झाला आणि नवी इमारत उभी राहीपर्यंत दरमहा भाडं मिळणार असं ठरलं. शेजारीपाजारी लगेच त्याच दोन गल्ल्यांमध्ये जागा शोधू लागले. आजूबाजूच्या आणखी इमारती त्याच सुमाराला रिकाम्या झालेल्या, त्यामुळे भाडी भलतीच वर चढलेली. तेव्हा एका रात्री कागदावर आकडे मांडताना माझ्या लक्षात आलं की बिल्डर भाडं देतोय, पण ते डोंबिवलीतच खर्च करा असं करारात कुठंही म्हटलेलं नाही. आईला म्हटलं, ‘आपण दुसऱ्या गावात राहून बघायचं का?’ आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘जागा तळमजल्यावर असली पायजे. नायतर लिफ्ट.’ तो होकार होता.

माझं काम जीएसटीचं. डोंबिवली-कल्याणमधले छोटे दुकानदार, दोन-तीन फॅब्रिकेटर, एक साड्यांचं दुकान. बिलं व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, मी रिटर्न भरते. महिन्याच्या ११ आणि २० या रिटर्नच्या दोन तारखांना वीज आणि इंटरनेट धड असलं की मी कुठं बसले आहे याने कुणाला काही फरक पडत नाही. आईचं वय तेव्हा सत्तरीच्या पुढे बरंच गेलेलं, गुडघे दुखतात, रक्तदाब आहे. म्हणजे दवाखाना रिक्षाच्या अंतरावर हवा. मुलगी पुण्यात, तिला शनिवारी येऊन रविवारी परत जाता आलं पाहिजे. आणि मला संध्याकाळी चालत बाहेर पडून चालतच घरी येता आलं पाहिजे, वाटेत माणसं दिसली पाहिजेत. हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटत होतं. ‘निसर्गरम्य’ वगैरे माझ्या मनात नव्हतं. एकट्या बाईने डोंगरात घर घेऊन दिवसभर दरी बघत बसावं अशी चित्रं लोक फार रंगवतात. दुःखातून बाहेर येणाऱ्या माणसाला मी ते मुळीच सुचवणार नाही. त्या वेळी आजूबाजूला माणसं लागतात. फक्त ती जुनी माणसं नसावीत.

नाशिक पहिल्यांदा बघितलं कारण तिथं मामेबहीण आहे. हवा चांगली, दवाखाने उत्तम, सार्वजनिक वाचनालय तर १८४० पासूनचं. पण नाशिक आता फार मोठं झालंय. गंगापूर रोडला बहिणीच्या सोसायटीत बसले होते, बाहेर रस्त्यावर ठाण्यातल्यासारखीच वाहनं, तशीच टॉवरची नावं. तिथं राहायला गेले असते तर मी घोडबंदर रोडलाच परत गेले असते.

कोल्हापूरने मला खरंच मोहात पाडलं. तिथली माणसं परक्याशी बोलताना पहिल्या वाक्यापासून मोकळी असतात. रंकाळ्यावर एक बाई शेजारी येऊन बसली आणि मी कोण, कुठली हे न विचारता निम्मी कणसं माझ्या हातात दिली. जागाही मिळत होती, ऐसपैस, तळमजल्याची. एजंट म्हणाला इथं पुराचं पाणी येत नाही. समोरच्या घरातले आजोबा ऐकत होते. ते काही बोलले नाहीत, फक्त मला त्यांच्या ओट्यावर घेऊन गेले आणि भिंतीवरची खूण दाखवली. छातीएवढी. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट हे आकडे कोल्हापुरात शाळकरी पोरंही सांगतात. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, जुलै २०२१ मध्ये त्याच्याही वर. आईने २६ जुलै २००५ चा पाऊस एकटीने काढला आहे, बाबा तेव्हा परळला अडकले होते. तळमजल्यात पाणी शिरताना बघितलेली बाई पुन्हा नदीकाठच्या तळमजल्यात नीट झोपणार नाही. कोल्हापुरात उंचावरचे भाग भरपूर आहेत, तिथं बघता आलं असतं. पण पुण्यापासूनचं अंतर मुलीला दर आठवड्याला झेपणारं नव्हतं, म्हणून तो विचार तिथंच थांबवला.

नदीकाठच्या कुठल्याही गावात घर बघणाऱ्यांनी पाटबंधारे खात्याची पूररेषा जरूर बघावी. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आणि रेषा बघून झाली की शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारावं. त्यांना सगळं ठाऊक असतं आणि त्यांना काही विकायचं नसतं.

सावंतवाडीबद्दल लिहिताना हात जड होतो. तिथं सगळं होतं. मोती तलावाच्या काठाने संध्याकाळची फेरी, समोर राजवाडा, चितारआळीतली लाकडी फळं आणि खेळणी, आईची भाषा, आईचे मासे. कुडाळ जवळ, मामांची घरं जवळ. मला वाटत होतं आईसाठी हेच. मुद्दाम पावसाळ्यात जाऊन राहिले, कारण कोकण ऑक्टोबरात बघून कुणी निर्णय घेऊ नये. मुसळधार पाऊस, कुठंतरी झाड तारेवर पडलं, संध्याकाळी गेलेली वीज दुसऱ्या दिवशी दुपारी आली. तिथल्या माणसांना त्याचं काहीच वाटत नव्हतं, कंदील पुसून तयार होते. पण माझ्या डोक्यात २० तारीख होती. आणि दवाखान्याचं विचारलं तर प्रत्येकाने एकच सांगितलं: साधं असेल तर इथंच, मोठं काही निघालं तर बांबोळी. सिंधुदुर्गातली माणसं पिढ्यानपिढ्या गोव्याच्या त्या मेडिकल कॉलेजात जात आली आहेत. तिथं उपचारही मिळतात, पण रात्री दोन वाजता राज्याची सीमा ओलांडून आईला न्यायचं या विचाराने माझं पोट ढवळलं.

तरीही मी कदाचित सावंतवाडीच धरली असती. नको म्हणाली ती आई. ‘माका थंय नको,’ एवढंच पहिल्यांदा बोलली. मग रात्री अंथरुणावर पडल्यावर हळूहळू सांगितलं. म्हातारपणी माहेराजवळ जाऊन राहिलं की लेक पाहुणी होते, म्हणाली. कुणाच्या घरी गणपतीला आधी जायचं, कुणाच्या जमिनीच्या वादात कुणाची बाजू घ्यायची, भावजयींना काय वाटेल, सगळं पुन्हा सुरू. ‘आणि तुझ्याबद्दल विचारतले. रोज विचारतले. माका सांगूक लागतला.’ तोपर्यंत मी धरून चालले होते की नवी सुरुवात माझी आहे आणि आई सोबतीला येते आहे. त्या रात्री कळलं की तिलाही सुरुवातच करायची होती. बाबा गेल्यापासून ती डोंबिवलीत अमक्याची विधवा आणि तमकीची आई होती. त्यानंतर आम्ही जी गावं बघितली ती दोघींनी मिळून बघितली.

वाई दोघींना आवडली. वाईत राहायचं नाही हे ठरवायला सगळ्यात जास्त वेळ लागला. कृष्णेचे घाट, १७६२ मध्ये रास्त्यांनी बांधलेलं ढोल्या गणपतीचं देऊळ. त्याची मागची बाजू पुराचं पाणी फुटून जावं म्हणून माशासारखी निमुळती बांधली आहे, आई तिथून हलायला तयार नव्हती. मराठी विश्वकोशाचं काम जिथं झालं ते गाव, वसंत व्याख्यानमालेचं गाव. कृष्णाबाईच्या उत्सवात घाटाघाटावर मांडव पडतात, एकेका आळीचा उत्सव वेगळा. पण शनिवार-रविवारी पाचगणी-महाबळेश्वरला जाणारी वाहनं गावाच्या आसपास तुंबतात, आणि दवाखान्यासाठी साताऱ्याला किंवा पुण्याला जावं लागतं असं तिथलेच लोक म्हणाले. घाटावर बसून आम्ही दोघी खूप वेळ बोललो. एक काकू कपडे धुता धुता ऐकत होत्या. त्यांनी निघताना सांगितलं, ‘सातारा बघा की. तिथनं वाईला यायला कितीसा वेळ लागतोय?’

तेव्हा माझ्या डोक्यात गावाच्या आकाराचा विचार पक्का झाला. २०११ च्या जनगणनेत सावंतवाडीची लोकसंख्या जेमतेम २४ हजार, वाईची ३६ हजार, साताऱ्याची सव्वा लाखाच्या आत, कोल्हापूरची साडेपाच लाख, नाशिकची पंधरा लाखांच्या जवळ. कल्याण-डोंबिवली मिळून साडेबारा लाख. हे आकडे मी वहीत लिहून त्यांच्याकडे बघत बसले होते. पंचवीस हजारांच्या गावात माणसाआधी त्याची हकिकत पोचते. पंधरा लाखांच्या शहरात पहिल्या दिवशी जेवढे अनोळखी असतो तेवढेच पाचव्या वर्षीही राहतो. लाख-सव्वा लाखाच्या गावात मात्र सुरुवात कोऱ्या पाटीने होते आणि तरीही सहा महिन्यांत औषधाच्या दुकानातला मुलगा आपल्याला ओळखू लागतो. ओळखतो ते आपण तिथं जे करतो त्यावरून. मला तेच हवं होतं: माझं जे झालं त्यावरून माझी ओळख होऊ नये, मी आज जे करते त्यावरून व्हावी. आज मोती चौकाकडच्या दोन दुकानांत मी ‘जीएसटीवाल्या ताई’ आहे. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा दुकानातून बाहेर येऊन मी उगाच पुढच्या चौकापर्यंत चालत गेले, इतका आनंद झाला होता.

सातारा बघायला आलो तो साधा कामाचा दिवस होता, जुलैतला. पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत चालत गेले, आई रिक्षाने. पावसाची बारीक भुरभुर, वर अजिंक्यताऱ्याला ढग टेकलेले. एकाच जिल्ह्यात पावसाचा केवढा फरक: महाबळेश्वरात वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास, माण-खटावात पाचशेच्या आतबाहेर, आणि सातारा शहर मधे कुठंतरी, डोंगराच्या आडोशाला. भाजी घेतली. नगर वाचनालयात जाऊन वर्गणी किती ते विचारलं. औषधाच्या दुकानात विचारलं की रात्री कुठलं दुकान उघडं असतं. एसटी स्टँडवर बसून स्वारगेटच्या गाड्या किती वेळाने सुटतात ते बघितलं. विनाथांबा गाड्यांची रांग होती. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे आणि आईला पंचाहत्तरीच्या पुढची म्हणून मोफत, त्यामुळे पुणं आमच्यासाठी फारच जवळ आलं. रेल्वे स्टेशन मात्र माहुलीकडे, गावाबाहेर आहे. रेल्वेतल्या माणसाच्या बायकोला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही.

मला इतिहासाचं फार वेड नाही, पण साताऱ्याची एक गोष्ट मनात घर करून बसली आहे. हे शहर शाहू महाराजांनी, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नातवाने, वसवलं. १६८९ मध्ये लहान वयात मुघलांच्या कैदेत गेलेला मुलगा १७०७ मध्ये औरंगजेबाच्या मृत्यूनंतर सुटून आला, जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्याला त्याचा राज्याभिषेक झाला, आणि पुढे किल्ल्यावर न राहता त्याने पायथ्याला पेठा वसवल्या. आयुष्याची सतरा-अठरा वर्षं जिथं गेली ते सगळं मागे टाकून आलेल्या माणसाचं हे गाव आहे. संध्याकाळी पेठांमधून चालताना मला हे आठवतं आणि बळ येतं. आपलं दुःख राजाच्या दुःखाशी ताडून बघावं असं नाही, पण उशिरा सुरुवात करूनही माणूस पेठाच्या पेठा वसवू शकतो हे मला फार धीर देणारं वाटतं.

आता घर शोधण्याबद्दल, कारण खरी कसोटी तिथंच लागते. ‘मिस्टर काय करतात?’ हा प्रश्न प्रत्येक घरी आला. मी पहिल्याच दमात खरं सांगत गेले: घटस्फोट झालाय, आई आणि मी राहणार, मुलगी पुण्याहून येऊन-जाऊन असेल. एका ठिकाणी चहा अर्धवट ठेवून ‘कळवतो’ म्हणाले आणि कळवलं नाही. त्या दिवशी मला खूप लागलं, ते लपवत नाही. पण आधी ‘ते बाहेरगावी असतात’ असं सांगून घर घेतलं असतं तर पुढची सगळी वर्षं त्या वाक्याला धरून बोलावं लागलं असतं, आणि मग गाव बदलून काय मिळवलं? सदर बझारमध्ये ज्यांच्याकडे आता राहतो त्या निवृत्त शिक्षिका आहेत, सगळे त्यांना बाईच म्हणतात. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘पाण्याला दोघीच ना? मग टाकी पुरंल.’ संपला विषय.

सदर बझार निवडलं कारण साताऱ्यात चढउतार पुष्कळ. पेठांचा भाग मला जास्त आवडतो, पण तिथली बोळं आणि पायऱ्या आईला जमणार नाहीत. इकडे जमीन त्यामानाने सपाट, सिव्हिल हॉस्पिटल जवळ, स्टँड जवळ. पाण्याचंही विचारून घेतलं. पेठांमधल्या बऱ्याच भागाला कासच्या तलावाचं पाणी येतं, डोंगरावरून उताराने. बाकी भागांना इतर योजनांचं. कुठल्या गल्लीला किती वाजता आणि किती वेळ पाणी येतं हे घरमालकापेक्षा समोरच्या घरातल्या बाईला विचारावं.

करार रजिस्टर करून घ्यावा, हे मी सगळ्यांना सांगते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. ११ महिन्यांचा करार असला तरी नोंदवायचा. बाईंना वाटत होतं एवढी काय गरज, आपण काय पळून जाणार आहोत का. मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात बसले, ऑनलाइन सगळं भरलं, एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी आला आणि काम झालं. आधारवरचा पत्ता बदलायला तोच कागद उपयोगी पडला. मतदार यादीसाठी पत्ता बदलायचा फॉर्म ८ भरला. साताऱ्याच्या यादीत माझं नाव आलं तो दिवस मी मुलीला फोन करून सांगितला होता.

नव्याने येणाऱ्यांना आणखी एका गोष्टीबद्दल सावध करायचं आहे. गावात आठवडाभर राहिलं की कुणीतरी कासच्या रस्त्याला किंवा आणखी कुठं ‘दोन गुंठे, फार्महाऊस प्लॉट, स्वस्तात’ दाखवायला नेतंच. घटस्फोटाचे, पुनर्विकासाचे, स्वेच्छानिवृत्तीचे पैसे हातात असलेल्या माणसाला हे फार गोड वाटतं. शेतकरी नसलेल्या माणसाला महाराष्ट्रात शेतजमीन सहजासहजी विकत घेता येत नाही, कुळकायद्याचं कलम ६३ त्यासाठीच आहे. तुकडेबंदीचा, म्हणजे शेतजमिनीचे बारीक तुकडे करून विकू न देणारा, १९४७ चा कायदा वेगळाच. सातबारा आणि बिगरशेतीचा आदेश दोन्ही वकिलाला दाखवल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. शिवाय कासचं पठार २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या पश्चिम घाटाचा भाग आहे. तिथं आपलं पत्र्याचं कुंपण कशासाठी हवंय, हा प्रश्नही आपणच आपल्याला विचारायला हवा. नव्या गावात पहिली काही वर्षं भाड्यानेच राहावं, असं माझं स्पष्ट मत आहे. गाव आपल्याला मानवतं की नाही हे कळायला सगळे ऋतू लागतात, आणि एखादं आजारपणही.

आजारपण आलंच. पहिल्या हिवाळ्यात आईला न्यूमोनिया झाला. डोंबिवलीच्या मानाने इथली थंडी बोचरी, आम्ही दोघी तयारच नव्हतो. रात्री बाईंच्या मुलाने गाडी काढली, दवाखान्यात तो सकाळपर्यंत बसून राहिला. तिसऱ्या दिवशी वाचनालयातल्या ग्रंथपालबाई डबा घेऊन आल्या. मी त्यांना आईच्या आजाराचं सांगितलंही नव्हतं, आई पुस्तक बदलायला आली नाही म्हणून त्यांनी चौकशी केली होती. दवाखान्यातल्या खुर्चीवर तो डबा मांडीवर घेऊन मला रडू आलं, आणि खूप दिवसांनी ते स्वतःच्या कीवेने आलेलं नव्हतं.

सगळं छान आहे असं मात्र नाही. आईला मासे मिळत नाहीत, म्हणजे मिळतात, पण समुद्राच्या बाजूची बाई ज्याला ताजे म्हणते तसे नाहीत. कुडाळहून मामा सुकट आणि सुके बांगडे पाठवतो त्यावर ती दिवस काढते, आणि बांगड्याच्या वासाने वरच्या मजल्यावर कुणाला त्रास होईल म्हणून खिडक्या लावून घेते. मला तिचं ते खिडक्या लावणं बघवत नाही. गणपतीत पहिल्या वर्षी दिवसभर कुणी आलं नाही, संध्याकाळच्या आरतीला बाई आणि त्यांची सून आल्या तेवढंच. डोंबिवलीत दारापुढे चपलांना जागा नसायची. मला नाटकं बघायची सवय. शाहू कला मंदिरात प्रयोग होतात, पण मुंबईसारखे आठवड्याला चार नाहीत. माझी दोन गिऱ्हाइकं सुटली, त्यांना समोर बसून हिशेब दाखवणारं माणूस हवं होतं. त्या जागी इथली तीन मिळाली, पण त्यांचे पैसे कमी. हे सगळं धरूनही महिन्याच्या शेवटी हातात जास्त उरतं, कारण भाडं निम्म्याहून कमी आहे आणि रिक्षाचा खर्च जवळपास नाहीच.

आई आता सकाळी कॅम्पातल्या बागेत जाते. तिथं तिच्या वयाच्या बायकांचा एक घोळका आहे. तिथं ती कुणाची विधवा, कुणाची आत्या नाही. तिथं ती ‘कोकणातल्या आजी’ आहे आणि सोलकढी कशी करायची हे तिने निम्म्या बागेला शिकवलंय. मुलगी शनिवारी येते. कधी तिच्याबरोबर अजिंक्यताऱ्यावर चढून जाते, कधी तिला झोपू देते.

बिल्डरचं पत्र आलंय, नव्या इमारतीचा ताबा पुढच्या वर्षी मिळेल असं. मी डोंबिवलीचं घर भाड्याने द्यायचं म्हणते आहे आणि बाईंशी तीन वर्षांच्या करारावर बोलणंही झालंय. आई काही बोलत नाही. तिचं पेन्शनचं खातं अजून डोंबिवलीच्याच शाखेत आहे. हयातीचा दाखला इथल्या शाखेतही देता येतो, मोबाइलवरूनही देता येतो, हे मी तिला दोनदा दाखवलं. पण नोव्हेंबरात ती एसटीने निघते, तिथल्या आपल्या मामेबहिणीकडे उतरते, शाखेत जाऊन सही करते, फडके रोडवरून साडीला फॉल लावून घेते आणि चार दिवसांनी परत येते. यंदा जाताना म्हणाली, ‘खातं असू दे थंय. मी हंय आसंय ना.’